बाबांना औषध पाजून गाठ ‘चमकवून’ काढू म्हणतात. खरंच फरक पडतो का?

प्रश्न नाशिकच्या एका मुलीचा आहे. बाबांचं वय ६१. महिन्याभरापासून बोलताना नेमके शब्द आठवेनासे झाले, मग एका रात्री आकडी आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या टेम्पोरल भागात, म्हणजे कानाजवळच्या बाजूला, गाठ निघाली. कडेने उजळणारी, मधे काळी. ग्लायोब्लास्टोमाचा, म्हणजे मेंदूच्या वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरचा, संशय आहे. एका सर्जननी सांगितलं, ‘ऑपरेशनच्या दिवशी पहाटे एक औषध पाजतो, त्याने गाठ निळ्या उजेडात गुलाबी दिसते.’ दुसऱ्यांनी सांगितलं, ‘आम्ही पिवळा डाय शिरेतून देतो, काम तेच होतं आणि खर्च कमी.’ तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. याने खरंच फरक पडतो का? दोन्हींत फरक काय? आणि अशी ‘पूर्ण’ काढली तर गाठ परत येणार नाही ना?

ताई, मी न्यूरोसर्जन आहे आणि ही दोन्ही औषधं वर्षानुवर्षं वापरतो आहे. तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो समजला की बाकीचे दोन आपोआप जागेवर बसतात.

‘गाठ’ हा शब्द इथे जरा फसवतो. गाठ म्हटलं की बोराएवढं काहीतरी सुटं, गोलसर डोळ्यांसमोर येतं. ग्लायोब्लास्टोमा तसा नसतो. शेतातली हरळी आठवा. वरचा झुबका हाताने उपटता येतो, मुळ्या मात्र वावरभर गेलेल्या असतात. एमआरआयमध्ये उजळलेली कडा दिसते तो झुबका. तिच्या पलीकडे, चांगल्या दिसणाऱ्या आणि काम करणाऱ्या मेंदूतही या पेशी शिरलेल्या असतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले न्यूरोसर्जन वॉल्टर डँडी यांनी १९२८ साली अशाच काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग संपूर्ण काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्या रुग्णांची डावी बाजू आधीच लुळी पडलेली होती, म्हणून हे धाडस झालं. तरीही रोग परत आला. त्यामुळे कोणत्याही सर्जननी, कोणत्याही रंगाच्या भरवशावर, ‘मुळासकट काढतो’ असं तुम्हाला सांगितलं असेल तर ते खरं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण तुम्ही खरं उत्तर मागितलं आहे.

मग ऑपरेशन कशासाठी? मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी, निदान पक्कं करण्यासाठी आणि पुढच्या रेडिएशनला नि टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्यांना लढायला कमीत कमी शत्रू शिल्लक ठेवण्यासाठी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रेडिएशनबरोबर या गोळ्या दिल्यावर मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं, आणि दोन वर्षं पार करणाऱ्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. तुमच्या बाबांचा आकडा त्यातला कुठला, हे आज कुणालाच ठाऊक नाही. उजळलेला भाग जितका जास्त निघतो तितकी पुढची वाट बरी असते, हे मात्र वारंवार दिसून आलं आहे. या रंगांचा खटाटोप त्यासाठीच आहे.

आता ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काय अडचण येते ते सांगतो. गाठीचा मधला भाग ओळखायला रंग लागत नाही. तो राखाडी-पिवळसर असतो, मेलेला, अधूनमधून रक्त साकळलेला. सक्शनखाली त्याचा पोतही वेगळा लागतो. पंचाईत कडेला होते. मायक्रोस्कोपच्या पांढऱ्या उजेडात गाठीची कड आणि तिच्या शेजारचा सुजलेला पांढरा भाग इतके सारखे दिसतात, की वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूसही ‘झालं’ म्हणून हात थांबवतो आणि दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये एका कोपऱ्यात उजळलेली पट्टी उरलेली दिसते. माझ्याही बाबतीत हे अनेकदा घडलं आहे.

नॅव्हिगेशन, म्हणजे आपण मेंदूत कुठे आहोत ते स्कॅनवर दाखवणारं यंत्र, असतं ना, असं लोक विचारतात. असतं. पण तो नकाशा ऑपरेशनच्या आधी काढलेल्या एमआरआयवर बेतलेला. कवटी उघडली, आतलं पाणी वाहून गेलं, गाठीचा गाभा निघाला, की मेंदू खाली बसतो. कधी कधी एक सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. नकाशा सकाळचा, जमीन दुपारची. रंग थेट त्या पेशींवर किंवा त्या जागेवर असतो, त्यामुळे मेंदू सरकला तरी रंग त्याच्याबरोबरच सरकतो. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच.

आधी ‘पाजायचं’ औषध. त्याचं नाव ५-अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड, आम्ही बोलताना फाइव्ह-एएलए म्हणतो. गंमत अशी की ते स्वतः चमकतच नाही. आपल्या शरीरात हीम तयार होतं, रक्ताला लाल रंग देणारं तेच, आणि जवळपास प्रत्येक पेशी आपल्या गरजेपुरतं हीम बनवते. त्या कामाच्या साखळीत एएलए अगदी सुरुवातीला येतं. शेवटून दुसऱ्या टप्प्यावर प्रोटोपॉर्फिरिन नावाचा पदार्थ बनतो आणि शेवटी त्यात लोह बसवलं की झालं हीम. साखर कारखान्याचं गाळप मंदावलं की गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तसं या गाठीच्या पेशींत होतं. त्यांच्यात लोह बसवणारं एन्झाइम कमी पडतं, आणि आपण बाहेरून तयार एएलए ओतलेलं असतं. प्रोटोपॉर्फिरिन आत साचत जातं. त्यावर ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा उजेड टाकला, की ते ६३५ नॅनोमीटरला, म्हणजे लालबुंद, उजळतं. निरोगी मेंदूत हे औषध फारसं शिरत नाही आणि शिरलं तरी तिथलं गाळप सुरळीत चालू असतं, म्हणून तो भाग निळाच राहतो.

मेंदूच्या ऑपरेशनमध्ये हे आणलं ते जर्मनीच्या वॉल्टर स्टुमर यांनी. म्युनिकमध्ये तेव्हा मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी एएलएचा वापर सुरू झालेला होता. स्टुमर यांनी १९९८ मध्ये मेंदूच्या गाठींवरचे पहिले निष्कर्ष छापले, आणि २००६ मध्ये ती चाचणी आली जिच्या जोरावर आज तुमचे सर्जन हे औषध सुचवत आहेत. जर्मनीतली १७ केंद्रं, ३२२ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, एकाला औषध आणि निळा उजेड, दुसऱ्याला नेहमीचा पांढरा उजेड. मध्यंतरी २७० रुग्णांचा हिशोब केला तेव्हा एमआरआयमधला उजळलेला भाग पूर्ण निघण्याचं प्रमाण औषधाच्या गटात ६५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३६ टक्के निघालं. सहा महिन्यांनंतर रोग न वाढलेले रुग्ण ४१ टक्के विरुद्ध २१.१ टक्के. युरोपने २००७ साली मान्यता दिली, अमेरिकेने २०१७ साली.

त्याच चाचणीतल्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत, त्या तुम्हाला माहीत असाव्यात. पहिली, एकूण आयुष्यमानात दोन गटांत ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही. १५.२ महिने आणि १३.५ महिने, म्हणजे कल औषधाच्या बाजूने, पण पुरावा म्हणण्याइतका नाही. चाचणीची आखणीच मुळात आयुष्यमान मोजण्यासाठी नव्हती, हेही खरं. दुसरी, औषधाच्या गटात ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन दिवसांत हातापायाची कमजोरी किंवा बोलण्याची अडचण वाढलेले रुग्ण जास्त होते. पुढे काही आठवड्यांत दोन्ही गट सारखे झाले. जास्त दिसलं, म्हणून जास्त काढलं, म्हणून काहींना थोडी किंमत मोजावी लागली. ज्यांची कमजोरी ऑपरेशनच्या आधी स्टिरॉइड देऊनही सुधारली नव्हती, त्यांच्यात हा धोका अधिक असतो. तुमच्या बाबांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू झाल्यावर शब्द पुन्हा आठवू लागलेत का, हे सर्जनना आवर्जून सांगा. या एका माहितीने माझा बेत कितीतरी वेळा बदलला आहे.

ऑपरेशनच्या सकाळचं दृश्य असं असतं. पहाटे चार-साडेचारला वॉर्डातली नर्स बाटलीतली दीड ग्रॅम पावडर ५० मिली पाण्यात विरघळवते. डोस वजनावर, किलोमागे २० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४० मिली. आंबटसर, पाण्यासारखं पातळ. रुग्ण ते भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी पितो. तेवढ्यासाठी ‘पोट रिकामं’चा नियम मोडत नाही, भूलतज्ज्ञांना ते माहीत असतं. खोलीतले पडदे ओढलेले, मोठे दिवे बंद. कारण त्वचाही आता उजेडाला हळवी झालेली असते.

चमक सर्वांत जास्त असते ती औषध घेतल्यावर सहा ते आठ तासांनी. भूल, पोझिशन, कवटी उघडणं यांत दोन-तीन तास जातात, म्हणून हिशोब जुळतो. एकदा आमच्याकडे औषध पाजून झालं आणि ओटीत अपघाताचा रुग्ण आला, मेंदूत रक्तस्राव झालेला. त्याला आधी घ्यावंच लागलं. आमच्या रुग्णाची मुलं घाबरली, औषध वाया गेलं म्हणून. वाया गेलं नव्हतं. पाच तास उशिरा सुरू केलं तरी गाठ उत्तम दिसली. उशीर बारा तासांच्या वर गेला तर मात्र ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकलून डोस पुन्हा द्यावा लागतो.

मग तो क्षण येतो. गाभा निघालेला असतो, पोकळी स्वच्छ धुतलेली असते. मी म्हणतो, ‘लाइट्स.’ ओटीतले दिवे मालवतात, मॉनिटरवर कापड टाकतात, मायक्रोस्कोपचा फिल्टर बदलतो. मेंदू निळा-जांभळा दिसतो, रक्त काळं दिसतं, आणि कड पेटलेली असते. राख फुंकल्यावर आतला निखारा दिसावा, तसा लाल. त्याच्या बाहेरच्या अंगाला तोच रंग फिकट, गुलाबी. घट्ट लाल म्हणजे जवळजवळ निव्वळ गाठ. गुलाबी म्हणजे गाठीच्या पेशी आणि चांगला मेंदू यांची सरमिसळ. त्याच्या पलीकडे निळ्यातही काही पेशी असतातच, त्या दिसण्याइतकं साचलेलं नसतं. हरळीच्या मुळ्या.

आत्ताच पांढऱ्या उजेडात ‘स्वच्छ आहे’ असं मी मनात म्हटलेली जागा निळ्यात लाल दिसली, हा अनुभव आजही मला हलवून सोडतो.

पण हा उजेडही चुकवतो आणि कुठे चुकवतो हे हाताखाली कळावं लागतं. काळ्या रक्ताचा पातळ थर बसला की त्याखालचा लाल रंग अदृश्य. त्यामुळे पुन्हा पुन्हा सलाईनने धुवायचं, पॅटी म्हणजे कापसाची छोटी पट्टी ठेवायची, उचलायची, बघायचं. मेंदूची कड पोकळीवर छज्ज्यासारखी आली असेल तर तिच्या खालच्या कोपऱ्यात उजेड पोचत नाही. मायक्रोस्कोप कलता करून, कड अलगद उचलून बघावं लागतं. राहिलेले तुकडे बहुधा तिथेच सापडतात. एकाच जागेवर निळा उजेड बराच वेळ धरला की रंग विटतो. निळ्यात रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत, म्हणून निळ्यात बघायचं, पांढऱ्यात काढायचं, परत निळ्यात बघायचं असा खेळ चालतो. मेंदूच्या आतल्या पाण्याच्या कप्प्यांचं अस्तर कधी कधी गाठ नसतानाही चमकतं. आधी रेडिएशन झालेल्या मेंदूत, सूज किंवा दाह असलेल्या जागीही लाल दिसू शकतं. म्हणून परतलेल्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये मी या रंगावर जरा कमी विश्वास ठेवतो.

ग्लायोब्लास्टोमाच्याच कुळातल्या, पण हळू वाढणाऱ्या, खालच्या ग्रेडच्या गाठी (ग्लायोमा) बहुतांशी चमकतच नाहीत. मात्र तिथेही एक उपयोग आहे. एमआरआयवर साधी वाटणारी गाठ, निळ्या उजेडात सगळी काळोखी, आणि मधेच ज्वारीच्या दाण्याएवढा एक गुलाबी ठिपका. तो तुकडा मी वेगळ्या डबीत, वेगळी चिठ्ठी लावून पॅथॉलॉजीला पाठवतो. कारण वरच्या ग्रेडला गेलेला भाग बहुधा तोच असतो, आणि उपचार त्याच्यावर ठरतो. व्हिएन्नाच्या सर्जननी या ठिपक्यांवर चांगलं काम केलं आहे.

आता पिवळा डाय. फ्लोरोसीन. नेत्रतज्ज्ञ मधुमेहाच्या रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढताना शिरेतून देतात, तोच. हा फार जुना. १८७१ मध्ये अडोल्फ फॉन बायर यांनी प्रयोगशाळेत बनवला, आणि १९४८ मध्ये मिनेसोटाच्या जॉर्ज मूर यांनी मेंदूच्या गाठी शोधायला वापरल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे चमकवून गाठ शोधायची कल्पना एएलएच्या पन्नास वर्षं आधीची. तेव्हा योग्य फिल्टरचे मायक्रोस्कोप नव्हते, डोस जास्त लागायचा, म्हणून ती मागे पडली. आता मायक्रोस्कोपमध्येच पिवळा फिल्टर येतो, आणि किलोमागे ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पुरतं.

याचं काम अगदी निराळं आहे. फ्लोरोसीन कुठल्याही पेशीत बनत नाही की साचत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना एक घट्ट अस्तर असतं, ते रक्तातल्या बहुतेक गोष्टी बाहेर झिरपू देत नाही. गाठीत हे अस्तर फाटकं असतं. तिथून डाय बाहेर झिरपतो आणि जागा पिवळी होते. भिंतीवरच्या ओलीसारखं. पाइप कुठे गळतोय ते ओलीवरून कळतं, पण ओल गळतीच्या जागेपुरती राहत नाही, हळूहळू पसरते. फ्लोरोसीनही सुजलेल्या भागात पसरू शकतं. आणि आपणच ऑपरेशन करताना दुखावलेल्या जागेतूनही ते झिरपतं. त्यामुळे वेळ महत्त्वाची. आम्ही ते भूल देतानाच देतो. कुणी कवटी उघडल्यावर, हात घातल्यावर दिलं तर सगळीकडे पिवळं दिसेल आणि काहीच कळणार नाही.

याचे फायदे खरे आहेत. पिवळ्या फिल्टरमधून बाकीचा मेंदू, रक्तवाहिन्या बऱ्याच नैसर्गिक रंगात दिसतात, त्यामुळे त्याच उजेडात काम चालू ठेवता येतं. पहाटे उठवून काही पाजावं लागत नाही, पडदे ओढावे लागत नाहीत. दोन दिवस लघवी गर्द पिवळी होते, घाबरू नका. ॲलर्जीची गंभीर प्रतिक्रिया क्वचित येऊ शकते, म्हणून पूर्वी डोळ्याच्या तपासणीत त्रास झाला असेल तर सांगायलाच हवं. खर्चाचा फरक मोठा आहे. फ्लोरोसीनची कुपी एएलएच्या तुलनेत जवळजवळ फुकट. इटलीत मिलानच्या बेस्टा संस्थेतल्या सर्जननी ४६ रुग्णांत फ्लोरोसीन वापरून ८२.६ टक्क्यांत उजळलेला भाग पूर्ण काढल्याचं दाखवलं आहे. मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. एएलएच्या पाठीशी दोन गटांची चाचणी आहे, फ्लोरोसीनच्या पाठीशी तेवढा भक्कम आधार नाही. इतकाच माझा आक्षेप.

म्हणून माझं मत सरळ सांगतो. सगळं सारखं असेल तर ग्लायोब्लास्टोमासाठी मी एएलए निवडेन. पण ‘सगळं सारखं’ क्वचितच असतं. पिवळा डाय वापरणारे सर्जन अशा गाठी नियमित काढत असतील आणि त्यांच्या मायक्रोस्कोपला त्यासाठीचा फिल्टर असेल, तर एएलएसाठी सोनं गहाण ठेवून दुसरीकडे जाऊ नका. फिल्टर नसलेल्या मायक्रोस्कोपखाली कमी डोसचं फ्लोरोसीन देणं मात्र मला पटत नाही, त्यात फारसं दिसत नाही. उरलेले पैसे पुढे लागणार आहेत. रेडिएशनचे सहा आठवडे, गोळ्या, दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय, नाशिकहून जाणं-येणं. मेटास्टॅसिस (दुसऱ्या अवयवातून मेंदूत आलेला कॅन्सर) किंवा लिम्फोमाचा (लसीका पेशींच्या कॅन्सरचा) संशय असता, तर मी स्वतःच पिवळ्याकडे झुकलो असतो. आणि जिथे सुईने फक्त बायोप्सी घ्यायची असते तिथे दोन्ही छान चालतात. सुईतून आलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा गॉजवर ठेवून उजेडाखाली धरायचा. चमकला तर योग्य जागेतून आलाय, लगेच कळतं.

इंडोसायनिन ग्रीन नावाचा एक तिसरा डायही ऐकाल, इन्फ्रारेडमध्ये दिसणारा. तो मुख्यत्वे रक्तवाहिन्या बघायला वापरतात. गाठीसाठीचे प्रयोग चालू आहेत, तुमच्या निर्णयात तो आणू नका.

ओटीतच एमआरआय असलेली केंद्रं आहेत. जर्मनीत एएलए आणि ओटीतला एमआरआय यांची समोरासमोर तुलना झाली, २०२३ मध्ये निकाल आला, एमआरआय सरस ठरला नाही. ओटीतली सोनोग्राफी मात्र मला फार उपयोगी वाटते, कारण रंग फक्त पृष्ठभाग दाखवतो आणि सोनोग्राफी खोलात बघते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या सर्जननी या दोन्हींच्या जोडीवर बरंच काम केलं आहे. आपल्याकडच्या खिशाला ती जोडी परवडते.

आता तुमच्या बाबांच्या बाबतीतली सर्वांत नाजूक गोष्ट. डावा टेम्पोरल भाग, आणि शब्द अडतात. म्हणजे गाठ भाषेच्या जागेला टेकली आहे. तिथे रंग सांगतो की इथे गाठीच्या पेशी आहेत. त्याच जागेत शब्दही राहतात का, हे रंगाला कळत नाही. गुलाबी भागात चांगला मेंदू मिसळलेला असतो हे वर लिहिलंच आहे. ते शोधायचं तर रुग्णाला जागं ठेवून, मेंदूवर बारीक करंट देत, बोलतं ठेवावं लागतं.

एका शिक्षिकेचं ऑपरेशन आम्ही असंच केलं. एएलएही दिलं होतं. कवटी उघडून झाल्यावर त्यांना जागं केलं, आमच्या स्पीच थेरपिस्ट त्यांना एकेक चित्र दाखवत होत्या. कंदील, मोर, कुलूप, सगळं पटापट. पोकळीच्या मागच्या भिंतीवर अंगठ्याच्या नखाएवढा गुलाबी पट्टा उरला होता. त्यावर करंटचं टोक ठेवलं आणि खवणीचं चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘हे... नारळ... नारळाचं ते...’ टोक उचललं. ‘खवणी!’ पुन्हा ठेवलं, दुसरं चित्र, पुन्हा अडल्या. तीनदा तपासलं. तो गुलाबी पट्टा मी तसाच सोडला. नंतरच्या एमआरआयमध्ये तो दिसला, अहवालात ‘रेसिड्यूअल’, म्हणजे गाठ उरली आहे, असं लिहून आलं, आणि त्यांच्या मुलाने मला थोडं रागानेच विचारलं, ‘दिसत होतं तर काढलं का नाही?’ मी त्याला आईशी बोलायला सांगितलं. पुढे रेडिएशन आणि गोळ्या झाल्या. चौदा महिन्यांनी गाठ वाढली. त्या चौदा महिन्यांतले बहुतेक दिवस बाई घरी शिकवणी घेत होत्या, बोलत होत्या, नातवाला पाढे म्हणायला लावत होत्या. मी तो निर्णय आजही तसाच घेईन.

तेव्हा सर्जनना भेटाल तेव्हा रंगाबद्दल एक प्रश्न विचारा आणि बाकीचे प्रश्न याबद्दल विचारा. अशा गाठी तुमच्याकडे वर्षाला किती होतात? बाबांना जागं ठेवून करायची गरज आहे का, आणि तशी टीम तुमच्याकडे आहे का? भाषेची चाचणी मराठीत होईल ना? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. घाबरलेल्या, अर्धवट भुलेतल्या माणसाला इंग्रजी चित्रयादीतला शब्द न आठवणं आणि त्याचा भाषेचा भाग दुखावणं, यांतला फरक टेबलावर ओळखता येत नाही. गाठीचा तुकडा आयडीएच आणि एमजीएमटी या गाठीच्या जनुकांच्या तपासणीला जाईल का, हेही विचारा. ऑपरेशननंतरचा कॉन्ट्रास्ट एमआरआय ४८ ते ७२ तासांच्या आत व्हायला हवा. त्यानंतर काढला तर ऑपरेशनच्या जखमेमुळेही कडा उजळतात, आणि गाठ उरली की जखम भरतेय ते कळेनासं होतं.

एएलए ठरलं तर थोडी तयारी तुमच्याकडे आहे. बाबांना पॉर्फिरिया नावाचा, हीम बनवण्यात बिघाड असलेला आजार असेल तर ते औषध देताच येत नाही; घरात कुणाला असला तरी आधी सांगा. यकृत किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही. बाबा सध्या कुठल्या अँटिबायोटिक घेत असतील तर चिठ्ठी दाखवा. टेट्रासायक्लिन, सल्फा आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधं त्वचेला उजेडाचा त्रास वाढवतात, त्या आसपास टाळायची. आकडीच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची की नाही हे भूलतज्ज्ञांना विचारून ठेवा. औषध घेतल्यापासून किमान २४ तास, आमच्याकडे आम्ही ४८ तास पाळतो, ऊन आणि प्रखर दिवे नकोत. आयसीयूत खिडकीजवळचा बेड मिळाला तर पडदा ओढून घ्यायला सांगा. पूर्ण अंधार लागत नाही, मंद दिवा चालतो. भेटायला जाल तेव्हा तोंडावर मोबाइलचा टॉर्च मारून ‘बाबा, ओळखलंत का?’ असं करू नका. शांतपणे जवळ बसा, हात हातात घ्या आणि त्यांना आधी बोलू द्या. पहिले दोन-तीन दिवस शब्द आधीपेक्षा जास्त अडू शकतात, सुजेमुळे. तेव्हा त्यांच्याऐवजी वाक्य पूर्ण करू नका, थोडं थांबा.

एमआरआयची सीडी आणि स्टिरॉइड सुरू झाल्यानंतर बोलण्यात पडलेला फरक, या दोन गोष्टी कळवल्यात तर याहून नेमकं सांगता येईल.